बैलजोडीचा पैसा वेच्यावेच्याला बाजूला काढा



रेडिओवर सांगितलेले आकडे कानावरून निघून जातात. चहाची बशी खाली ठेवेपर्यंत निम्मे विसरतात. म्हणून बैलजोडीसाठी पैसा कसा जमवावा, याचा हिशेब या पत्रकात छापून देत आहोत. घरात जिथे पासबुक आणि सातबारा ठेवता, तिथेच हे पत्रक ठेवावे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आता गावोगावी ट्रॅक्टर आले आहेत. नांगरणी आणि रोटाव्हेटर भाड्याच्या ट्रॅक्टरने होते आणि ते सोयीचेही आहे. पण पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली, वर पावसाची उघडीप मिळाली आणि तणाने डोके वर काढले, की डवऱ्याला बैलच लागतो. त्या चार-सहा दिवसांत ज्याची जोडी गोठ्यात आहे त्याचे वावर स्वच्छ होते. ज्याची नाही तो दुसऱ्याच्या दारात उभा राहतो आणि मालकाचे स्वतःचे डवरण झाल्यावरच त्याचा नंबर लागतो. तेवढ्यात पाऊस परत आला, तर डवरण राहते आणि निंदणाच्या मजुरीत पैसा जातो.

ज्यांचे वावर तीन-चार एकरांच्या आत आहे, त्यांनी पूर्ण जोडी बाळगावी की नाही याचा आधी विचार करावा. वर्षभराचे कुटार, कडबा, ढेप हे सगळे दोन बैलांना लागते. काम मात्र मोजून काही दिवसांचे. अशा दोन शेजाऱ्यांनी एकेक बैल ठेवून जोडी जुळवण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे. ती मोडीत काढण्याचे काही कारण नाही. मात्र आधी कोणाच्या वावरात जायचे, हे पेरणीपूर्वीच ठरवून ठेवावे. नाहीतर जोडीबरोबर शेजारही तुटतो.

आता मुद्द्यावर येऊ.

बैल म्हातारा होणार हे आधीच ठाऊक असते

घराचे छप्पर कधी उडेल, दुखणे कधी येईल, हे सांगता येत नाही. बैलाचे तसे नाही. बैल बाजारात त्याचे दात पाहूनच आपण घेतो. अदत गोऱ्हा अडीच वर्षांच्या सुमारास दोन दाती होतो, पुढे चार दाती, सहा दाती होऊन साडेचार-पाच वर्षांत जुळतो. चार वर्षांच्या आसपास घेतलेला बैल नीट खायला-प्यायला मिळाले, वेळेवर लस टोचली, तर बाराव्या वर्षापर्यंत कामाला येतो. म्हणजे एका जोडीकडून आपल्याला सरासरी आठ वर्षे काम मिळते. ज्या दिवशी जोडी घरी आणली, त्याच दिवशी पुढची जोडी कोणत्या साली घ्यावी लागेल, हे बोटावर मोजून सांगता येते.

तरीही खरेदीची वेळ आली की आपण म्हणतो, "अचानकच खर्च आला जी." त्यात अचानक काही नसते. दरवर्षी बैलाच्या किमतीचा आठवा हिस्सा झिजत असतो. तो आपल्या डोळ्यांसमोर झिजतो, पण वहीत कुठेच लिहिला जात नाही. कारखानदार आपल्या यंत्राची झीज दरवर्षी खर्चात धरतो आणि तिला घसारा म्हणतो. शेतकऱ्याच्या हिशेबात बियाणे, खत, फवारा, मजुरी सगळे येते. बैलाची झीज येत नाही.

पूर्वी एक गोष्ट आपल्या बाजूने होती. जुनी जोडी विकून त्या पैशात थोडी भर घातली की नवी जोडी मिळायची. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला आणि बैलही त्यात आले. त्यानंतर उतारवयाच्या बैलाला बाजारात पूर्वीसारखे गिऱ्हाईक राहिले नाही. कायदा चांगला की वाईट, हा या पत्रकाचा विषय नाही. आपल्या हिशेबात एवढेच धरायचे, की जुन्या बैलाच्या पैशावर नव्या जोडीची मदार ठेवता येत नाही. उलट काम थांबल्यावरही त्याला काही वर्षे वैरण घालावी लागेल. म्हणजे नव्या जोडीची जवळजवळ सगळी रक्कम आपल्यालाच साठवायची आहे.

महिन्याला नव्हे, क्विंटलला

बचतीचा सल्ला देणारे बहुतेक लोक पगारदार असतात. "दर महिन्याला थोडे बाजूला टाका," असे ते सांगतात. मीही पगारदार आहे, मला ते जमते. पण कोरडवाहू कापूसवाल्याला जून ते ऑक्टोबर फक्त पैसा जाताना दिसतो, येताना दिसत नाही. सीतादही झाली, पहिला वेचा घरी आला की आवक सुरू होते आणि फरदड घेतली नाही तर माघापर्यंत संपते. अशा माणसाने दर महिन्याला भरायचे ठरवले, तर श्रावणात हप्ता चुकतो आणि एकदा चुकला की हातच सुटतो.

म्हणून बचत महिन्यावर बांधू नये, क्विंटलवर बांधावी. जितका कापूस विकला, तितक्या क्विंटलमागे ठरलेली रक्कम चुकारा हातात येताच बाजूला काढावी.

ती रक्कम किती धरावी? उदाहरणासाठी जोडीची किंमत ९६,००० रुपये धरू. आपल्या भागातला भाव यापेक्षा कमी-जास्त असेल तर तो आकडा घ्यावा. आठ वर्षांनी भागले तर वर्षाला १२,००० रुपये येतात. पाच एकर कापूस आणि एकरी पाच क्विंटल उतारा धरला तर २५ क्विंटल होतात. १२,००० भागिले २५ म्हणजे क्विंटलमागे ४८० रुपये. सोयीसाठी ५०० धरू.

आता आठ वर्षे सारखी जात नाहीत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटीची काय दशा केली, ते या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. समजा आठांपैकी दोन वर्षे वाईट गेली आणि १२ क्विंटलच कापूस झाला. त्या वर्षी ६,००० रुपयेच निघतील, म्हणजे दोन वर्षांचे १२,०००. एक वर्ष चांगले गेले आणि ३५ क्विंटल झाला तर १७,५०० निघतील. उरलेल्या पाच साधारण वर्षांचे प्रत्येकी १२,५०० प्रमाणे ६२,५००. सगळे मिळून ९२,००० होतात, वर ठेवीचे व्याज. वाईट वर्षात बचत आपोआप कमी झाली, घरावर ताण आला नाही. चांगल्या वर्षाने ती तूट बरीचशी भरून काढली. ठरलेल्या वार्षिक रकमेचा हट्ट धरला असता, तर पहिल्याच वाईट वर्षात ही बचत मोडली असती.

बैलांचे भाव वाढत जातात, हे खरे आहे. ठेवीवरचे व्याज त्यातली काही वाढ भरून काढते, सगळी नाही. म्हणून दरवर्षी पोळ्याच्या दिवशी, बैल धुऊन-सजवून झाल्यावर, बाजारात तशी जोडी आज केवढ्याला मिळते याची चौकशी करून क्विंटलमागचा आकडा पुन्हा बसवावा. ५०० चे ५५० करावे लागले तर करावेत.

आता "साहेब, चुकाऱ्यातून देणेच फिटत नाही, बाजूला काय काढू?" असे विचारणारे शेतकरी मला दर सभेत भेटतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. ज्याच्या डोक्यावर सावकाराचे शेकडा पाच रुपये महिन्याचे कर्ज आहे, त्याने आधी ते फेडावे. वर्षाला ६० टक्के व्याज भरत असताना ७ टक्क्यांच्या ठेवीत पैसा ठेवणे शहाणपणाचे नाही. बँकेच्या किंवा सोसायटीच्या पीककर्जाचे तसे नाही. ते मुदतीत भरणाऱ्याला ३ लाखांपर्यंत व्याजसवलतीचा लाभ मिळतो आणि आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते बिनव्याजी पडते. ते वेळेवर भरून बचतही चालू ठेवता येते. मात्र पीककर्ज उचलून बैल घेऊ नयेत. पीककर्ज हंगामाचे आहे आणि हंगाम संपताच भरायचे आहे. बैल आठ वर्षांचा आहे. आठ वर्षांची वस्तू एका हंगामाच्या पैशात घेतली, की बियाण्याला पैसा उरत नाही आणि माणूस दुकानदाराच्या उधारीवर जातो.

जून महिन्यात बैल मेला तर

आमच्या मंडळातल्या एका गावी, मृग लागून आठवडा झाला असताना, एका शेतकऱ्याचा बैल रात्री गोठ्यात साप चावून मेला. जोडी तशी नऊ वर्षे काम केलेली, बदलायलाच आलेली होती. पण "यंदाचा हंगाम काढू, पुढच्या साली पाहू" असे तीन वर्षे चालले होते. पैसा साठवलेला नव्हता.

जूनमध्ये बाजारात जाणारा प्रत्येक माणूस गरजू असतो, हे व्यापाऱ्याला कळते. त्याने ८०,००० रुपये खाजगी सावकाराकडून महिना शेकडा पाच रुपयांनी उचलले. दरमहा व्याज ४,००० रुपये. जून ते डिसेंबर सात महिन्यांचे व्याज २८,००० रुपये झाले. गावात ७,००० रुपये क्विंटलचा भाव धरला तर नुसत्या व्याजात चार क्विंटल कापूस गेला.

खरे नुकसान इथे थांबले नाही. पैसा जमवून जोडी आणेपर्यंत पेरणी दोन आठवडे मागे गेली. दिवाळीत सावकाराचा माणूस दारात आला, म्हणून पहिला वेचा न वाळवताच गावातल्या खरेदीदाराला द्यावा लागला. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला तर सीसीआयच्या केंद्रावर कापूस घेत नाहीत. ८ ते १२ टक्क्यांच्या मध्ये असला तर त्या प्रमाणात भाव कापतात. चार दिवस उन्हात वाळवून आणि नंबर लावून हमीभाव घेण्याइतकी उसंत या माणसाला नव्हती. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये ठरला होता. देणेकरी माणूस हा आकडा कानाने फक्त ऐकतो.

बैल गेला म्हणून नुकसान झाले, असे त्याच्या घरचे आजही म्हणतात. माझ्या मते बैलाने नऊ वर्षे आपले काम चोख केले होते.

इथे कायद्याचे दोन शब्द सांगणे भाग आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारण असेल तर वर्षाला १२ टक्के, यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. वरच्या उदाहरणात ८०,००० वर बिनतारण सात महिन्यांचे कायदेशीर व्याज ५,६०० रुपये होते. घेतले गेले २८,०००. व्याजापोटी वावराचे खरेदीखत करून मागणारे लोकही आहेत. "नुसते नावाला करून द्या, पैसे दिले की परत करून देतो," असे ते सांगतात. असे खरेदीखत कधीही करून देऊ नये. आधीच झाले असेल, तर सहकार खात्याच्या तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी तक्रार करावी. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरला, तर जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो.

बैल वीज पडून किंवा पुरात गेला, तर त्याच दिवशी तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्यावा आणि जनावरांच्या डॉक्टरकडून शवविच्छेदन करून घ्यावे. आधी पुरून टाकले की मदतीचा रस्ता बंद होतो. २०२२ मध्ये लम्पी रोगाने जनावरे मेली, तेव्हा सरकारने ओढकामाच्या जनावरामागे २५,००० रुपये मदत दिली होती. मदत मिळाली तर घ्यावीच. पण २५,००० मध्ये बैल येत नाही आणि मदत पेरणीच्या आधी हातात पडेल याची हमी नसते.

पैसा ठेवायचा कुठे

घरात ठेवू नये. चोराचे भय त्यात सर्वात लहान. घरातला पैसा लग्नाला, बारशाला, पाहुण्याच्या उसनवारीला जातो आणि तो कुठे गेला हे कोणालाच आठवत नाही.

ज्या खात्यात पीककर्ज आहे आणि जिथे चुकारा जमा होतो, त्या खात्यातही हा पैसा पडू देऊ नये. तिथून तो बी-बियाण्यात मिसळतो. बैलाचे खाते वेगळे असावे आणि शक्य तर नवरा-बायको दोघांच्या नावाने असावे. कारभारीण खात्यात असली की पैसा सहजासहजी उठत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे.

माझी पहिली शिफारस गावाजवळच्या पोस्टाची. पोस्टातल्या पैशाला केंद्र सरकारची हमी आहे. वेच्यावेच्याला निघणारे पैसे आधी पोस्टाच्या बचत खात्यात टाकावे. ते ५०० रुपयांत उघडते. कापूस संपला की जमलेली रक्कम एका वर्षाच्या मुदत ठेवीत टाकावी. २०२५ मध्ये या ठेवीचा व्याजदर ६.९ टक्के होता. सरकार दर तीन महिन्यांनी दर जाहीर करते, तेव्हा खिडकीवर विचारून घ्यावे. दरवर्षीची ठेव वेगळी ठेवता येते, म्हणून अडचण आली तर सगळ्या ठेवी मोडाव्या लागत नाहीत. एक लक्षात ठेवा, सहा महिन्यांच्या आत ही ठेव मोडता येत नाही. त्यामुळे दवाखान्यासाठी म्हणून चार पैसे बचत खात्यातच राहू द्यावेत.

पोस्टाची आर.डी. म्हणजे आवर्ती ठेवही आहे, पण ती महिन्याची आहे. ज्याला ती घ्यायचीच असेल, त्याने कापसाच्या पैशातून बारा महिन्यांचे हप्ते एकदम आगाऊ भरावे. तशी सोय आहे आणि थोडी सूटही मिळते. दूध विकणाऱ्या किंवा भाजीपाला करणाऱ्या घरांना मात्र आर.डी. चांगली जमते.

बँकेत ठेवायचे असेल तर प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून वाढली. या विम्याचे महत्त्व आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द केला. विम्याच्या मर्यादेतल्या ठेवीदारांना विमा महामंडळाकडून पैसे मिळण्याची सोय होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हे विम्याचे छत्र नाही. पतसंस्था एखादा टक्का व्याज जास्त देते म्हणून आठ वर्षांचा पैसा तिथे ठेवू नये. भिशीत तर मुळीच लावू नये. भिशी चालवणारा माणूस कितीही भला असला, तरी त्याच्याही वावरात बोंडअळी येते.

महिलांच्या बचत गटाबद्दल नेहमी विचारले जाते. गट चांगला आहे आणि जोडीत थोडी रक्कम कमी पडत असेल तर गटातून कर्ज घ्यायला हरकत नाही. पण बायकांनी दर आठवड्याला जमवलेल्या पैशावर घरच्या पुरुषाने सगळी बैलजोडी उचलावी आणि हप्ता तिने भरावा, हे योग्य नाही.

पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० असे पात्र कुटुंबाच्या खात्यात १२,००० रुपये हप्त्याहप्त्याने येतात. वरच्या हिशेबातली वर्षाची रक्कमही १२,००० च आहे. ज्या घराला शक्य असेल त्यांनी हे हप्ते सरळ बैलाच्या खात्यात वळवावे. मात्र ज्या वर्षी हप्ता उशिरा आला किंवा कागदपत्रांअभावी अडकला, त्या वर्षी क्विंटलमागची बचत आहेच, म्हणून ती बंद करू नये.

घ्यायची कधी आणि कशी

पैसा तयार असला की सर्वात मोठा फायदा हा, की खरेदीचा महिना आपण ठरवतो. मृगाच्या तोंडावर भाव चढलेले असतात. माघ-फाल्गुनात कापूस-तूर निघून गेलेली असते, पुढे वैरणीची टंचाई दिसत असते, म्हणून विकणाऱ्यालाच घाई असते. वणीला रंगनाथस्वामींच्या जत्रेत बैलबाजार भरतो, तोही उन्हाळ्याच्या तोंडी. तेव्हा घेतलेली जोडी पेरणीपर्यंत गोठ्याला, माणसाला आणि एकमेकांना सरावते. तीन महिन्यांची वैरण जास्त लागेल, ती भावातल्या फरकातून वजा करून पाहावी. घरचे कुटार असेल तर हा सौदा बहुधा परवडतो.

सगळी रक्कम जमण्याआधीच बैल बदलण्याची वेळ आली, तर जमलेला पैसा घालून उरलेल्या रकमेसाठी बँकेकडे मध्यम मुदतीचे कर्ज मागावे. निम्मा पैसा आपला असला की कर्ज लहान होते, हप्ताही झेपतो.

बाजारात जाताना बैल ओळखणारा एक जाणता माणूस बरोबर न्यावा. दात स्वतः उघडून पाहावे. बैल चालवून, गाडीला किंवा वखराला जुंपून पाहावा. खांदा सुजलेला आहे का, खुरांत जखम आहे का, ते बघावे. आपल्या काळ्या जमिनीला आणि उन्हाला सोसणारा गवळाऊ किंवा लाल कंधारी जातीचा बैल मिळाला तर उत्तम. नुसत्या शिंगांच्या ऐटीवर चार हजार जास्त देऊ नयेत. १ जून २०२४ पासून राज्यात कानात १२ अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ल्याचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा आणि बाजार समितीची पावती घेतल्याशिवाय दोर हातात घेऊ नये. ती पावती बैलाच्या पासबुकातच ठेवावी, म्हणजे किती साली, किती दाती आणि केवढ्याला घेतला, हे पुढच्या हिशेबाला हाताशी राहील.